पाळी लांबतेय? आधी थायरॉईड पाहू या

मागच्या अंकात पीसीओएसबद्दल लिहिताना मी थायरॉईडचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. चूक माझीच, तो विषय एका ओळीचा नाही. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

आधी शब्दांचं. तुम्ही पीसीओडी म्हणा, मी पीसीओएस म्हणते, आजार एकच: अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड. आणि ‘मला थायरॉईड झालाय’ असं सगळेच म्हणतात, पण थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी प्रत्येकाला असतेच. ती कमी काम करते तेव्हा त्याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात. आज त्याच्याबद्दलच बोलतेय. तो रक्तातल्या टीएसएच या संप्रेरकावरून कळतो: ग्रंथी मंदावली की तो आकडा वाढतो.

प्रश्न: वय २७. चार वर्षांपासून पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते. दोन वर्षांत आठ किलो वजन वाढलं, केस खूप गळतात. हनुवटीवर राठ केस तर कॉलेजपासूनच आहेत. सोनोग्राफीत पीसीओडी आला आणि टीएसएच ९.२. एक डॉक्टर म्हणतात, थायरॉईड नीट केला की सगळं ठीक होईल. दुसरे म्हणतात, थायरॉईड किरकोळ आहे, पीसीओडी हाच खरा आजार. मी कुणाचं ऐकू? थायरॉईडमुळेच पीसीओडी झाला का?

उत्तर: तुम्हाला दोन्ही असू शकतं, आणि तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीवरून मला तसंच वाटतंय. तिच्याकडे येते. आधी हा गोंधळ का होतो ते सांगते.

थायरॉईड मंद झाला की मेंदूतून टीआरएच नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. त्याचं काम थायरॉईडला जागं करायचं, म्हणून टीएसएच वाढतं. पण त्याच टीआरएचमुळे प्रोलॅक्टिनही वाढू शकतं. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशयाला मेंदूकडून मिळणारे इशारे मंदावतात, स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते. शिवाय थायरॉईड संप्रेरक कमी असलं की यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं. हे प्रथिन रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. ते कमी पडलं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं.

आता पीसीओएसकडे बघा. बहुतेक जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त तयार होतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं आणि यकृतातलं एसएचबीजीही कमी करतं. म्हणजे दोन आजार दोन वाटांनी निघतात आणि एकाच दारात येऊन उभे राहतात. लांबलेली पाळी, वाढलेलं वजन, गळणारे केस, थकवा, वाढलेलं कोलेस्टेरॉल. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

सोनोग्राफीसुद्धा फसवते. हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एका मुलीमुळेच मला ते नीट कळलं. माझ्या प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. चोवीस वर्षांची मुलगी, पाळी तीन-तीन महिने नाही, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशय मोठे आणि त्यांत पाण्याच्या गाठी. मी रिपोर्ट वाचला, पीसीओएस म्हटलं आणि औषधं लिहून दिली. टीएसएच सांगितलं नाही. चार महिन्यांनी ती परत आली. बोलायला लागली तसा मला तिचा आवाज ऐकू आला. घोगरा, आणि प्रत्येक शब्द सावकाश. चेहरा सुजल्यासारखा होता. मी तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं राहायला सांगितलं, पावलं मागे मोकळी. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटक्याने खाली गेलं, पण परत यायला त्याने वेळ घेतला. पाण्यातून हलावं तसं ते हळूहळू जागेवर आलं. टीएसएच शंभराच्या वर निघालं. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची गोळी, सुरू केल्यावर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली, तर अंडाशय नेहमीच्या आकाराचे. पाळी महिन्याच्या महिन्याला येत होती. तिला पीसीओएस कधी नव्हताच. तिचे चार महिने माझ्यामुळे वाया गेले, आणि तेव्हापासून टीएसएच पाहिल्याशिवाय मी कुणाच्याही कागदावर पीसीओएस लिहिलेलं नाही.

हा काही माझा खासगी नियम नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची चिन्हं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतलं ते विशिष्ट चित्र. पण त्याआधी थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे आजार नाहीत याची खात्री करायची असते. तीच पायरी घाईत गळते.

आता तुमच्या पत्रातली ती गोष्ट. हनुवटीवरचे राठ केस, आणि तेही कॉलेजपासून. निव्वळ थायरॉईडमुळे हनुवटीवर राठ, काळे केस सहसा येत नाहीत. थायरॉईडमध्ये केस कोरडे होतात, सगळ्या डोक्यावरून सारखे गळतात, कधी भुवईचं बाहेरचं टोक विरळ होतं. पीसीओएसमध्ये टाळूवरचे केस पातळ होतात आणि चेहऱ्यावरचे वाढतात. पाळीतही फरक असतो. थायरॉईडमध्ये पुष्कळ जणींच्या अंगावरून जास्त जातं. पीसीओएसमध्ये पाळी मुळात लांबते, आणि खूप लांबून आली तर तीही जोरात येऊ शकते, म्हणून या एका लक्षणावर मी फार भिस्त ठेवत नाही.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. टीएसएच पुन्हा, सोबत फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉईड संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी). प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अ‍ॅड्रिनलचा आजार नाही ना हे बघायला सकाळचं १७-ओएचपी. साखर आणि कोलेस्टेरॉलही एकदा बघून घ्यायचं. टीएसएच १०च्या वर गेलं किंवा फ्री टी-४ कमी आलं तर गोळी लागेलच. फ्री टी-४ ठीक आणि टीएसएच ९च्या आसपासच राहिलं, तर अँटीबॉडी आहेत का, त्रास किती आहे, नजीकच्या काळात मूल हवं आहे का, यावर डॉक्टर ठरवतील. तुमच्यासारख्या तरुण, त्रास होत असलेल्या बाईला मी बहुधा गोळी सुरू करते. टीएसएच जागेवर आल्यावर तीन-चार महिने पाळीच्या तारखा लिहून ठेवा. पाळी सुधारली तर थायरॉईडचा वाटा किती होता ते कळेल. जे उरेल ते पीसीओएसचं, आणि त्याचे उपचार वेगळे.

थायरॉईडमुळे पीसीओएस झाला का, याचं उत्तर नाही असं आहे. पण दोघे एकत्र नेहमीपेक्षा जास्त सापडतात हे खरं. २००४मध्ये जर्मनीत पीसीओएस असलेल्या १७५ बायका आणि साधारण त्याच वयाच्या, तो नसलेल्या १६८ बायकांची तुलना झाली. थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी पीसीओएसच्या गटात सुमारे २७ टक्के जणींत होत्या, दुसऱ्या गटात सुमारे ८ टक्के. याचं एक कारण असं मांडलं जातं: पीसीओएसमध्ये स्त्रीबीज बाहेर पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन कमी आणि एकट्या इस्ट्रोजेनचा प्रभाव जास्त. इस्ट्रोजेन प्रतिकारशक्तीला चेतवतं, प्रोजेस्टेरॉन तिला शांत ठेवतं. म्हणून तुमचे दोन्ही डॉक्टर अर्धे-अर्धे बरोबर असणं सहज शक्य आहे.

आणि पीसीओएसच्या रिपोर्टमधल्या ‘गाठी’ या शब्दाला घाबरू नका. त्या गाठी नसतात. अर्ध्यावर वाढ थांबलेल्या स्त्रीबीजांच्या त्या पिशव्या असतात, बहुतेक दोन ते नऊ मिलिमीटरच्या. त्या कापून काढायच्या नसतात.

प्रश्न: वय ३४, वजन ७८ किलो. दोन्ही आजार आहेत. आठ महिने थायरॉईडची ५०ची गोळी घेतेय, टीएसएच आता २.१ आहे. तरी वजन एक किलोसुद्धा उतरलं नाही आणि चार महिने पाळी नाही. मैत्रीण म्हणते, गोळी १००ची कर. करू का?

उत्तर: नाही, ताई, कृपा करून नको. तुमचं टीएसएच २.१ आहे, म्हणजे गोळीने तिचं काम पूर्ण केलं आहे. डोस दुप्पट केलात तर धडधड, हातांचा कंप, झोप उडणं हे सुरू होईल, आणि तसंच चालू ठेवलं तर हाडं आणि हृदय यांना त्याची किंमत मोजावी लागते. थायरॉक्सिन हे वजन उतरवायचं औषध नाही.

नुसत्या हायपोथायरॉईडिझमने साधारण दोन ते पाच किलो वजन वाढतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी असतं. ते उतरायचं असेल तेवढं पहिल्या काही महिन्यांत उतरतं. त्यापुढचं वजन थायरॉईडच्या खात्यात टाकता येत नाही, हे मला रोज कुणाला तरी सांगावं लागतं, आणि समोरच्या बाईचा चेहरा पडतो. मला ते कळतं. इतके महिने ज्या एका गोळीवर आशा ठेवली, तिचा या कामी उपयोग नाही हे ऐकणं सोपं नसतं.

एक काम करा. आरशाकडे पाठ करून मानेचा मागचा भाग फोनवर टिपा. तिथली कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते का? पुष्कळ जणी तिला मळ समजून घासत बसतात. तो मळ नसतो, बहुतेक वेळा ते वाढलेल्या इन्सुलिनचं चिन्ह असतं. तसं असेल तर पुढचा रस्ता इन्सुलिनचा. ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन करायची साखरेची तपासणी करून घ्या, नुसती उपाशीपोटीची पुरत नाही. इन्सुलिनचं काम सुधारणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाचा विचार तुमचे डॉक्टर करतील. ते वर्षानुवर्षं चाललं तर मधूनमधून बी-१२ तपासायचं. आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असा व्यायाम हवा, आणि दोन दिवस वजनं उचलण्यासारखा, स्नायूंना ताण देणारा. स्नायू रक्तातली साखर उचलतात आणि इन्सुलिनची गरज कमी करतात, त्यामुळे काटा हलला नाही तरी व्यायाम वाया जात नाही. वजनाचं म्हणाल तर ७८चे ५५ करायचे नाहीत. पाच ते दहा टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत चार ते आठ किलो, एवढ्यावर पुष्कळ जणींची पाळी पुन्हा सुरू होते.

मला काळजी वाटली ती मात्र चार महिने न आलेल्या पाळीची. पत्रात तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे. आधी घरीच गर्भधारणेची चाचणी करा. ती नकारात्मक आली तर या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी येत नाही तेव्हाही गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि प्रोजेस्टेरॉनशिवाय ते वर्षानुवर्षं वाढत राहिलं तर त्यात घातक बदल होऊ शकतात. पाळी नव्वद दिवसांच्या पलीकडे गेली की मी वाट बघत नाही. काही दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन ते अस्तर बाहेर काढता येतं. हे दुखत नाही म्हणून अंगावर काढलं जातं. तसं करू नका.

प्रश्न: वय ३८. वर्षभरात टीएसएच ३, मग ८.८, मग ५.९, आता ११.४. तीनदा डोस वाढवला. एकही दिवस गोळी चुकवत नाही. सकाळी उठल्याबरोबर सगळ्या गोळ्या एकदम घेऊन टाकते म्हणजे विसरत नाही: थायरॉईड, लोह, कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिन. नंतर लगेच कॉफी. पाळी नियमित यावी म्हणून सात महिन्यांपूर्वी गर्भनिरोधक गोळीही सुरू झाली.

उत्तर: गोळ्यांची इतकी तपशीलवार यादी पाठवलीत, फार बरं केलंत. तुमचं उत्तर त्या यादीतच आहे.

लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, आणि धरलेली गोळी रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. कॉफीनेही शोषण कमी होतं. तुम्ही गोळी चुकवत नाही, तरी ती अंगी लागत नाही. उद्यापासून थायरॉईडची गोळी एकटी, उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत. त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, कॉफीसुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम निदान चार तासांनंतर. सकाळी हे जमत नसेल तर रात्री झोपताना घ्या, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. दोन्हींपैकी एक वेळ ठरवा आणि तीच ठेवा.

बायोटिनची गोष्ट वेगळी. ते गोळीच्या आड येत नाही, ते तपासणीच्या आड येतं. प्रयोगशाळांतल्या अनेक चाचण्यांची रासायनिक क्रियाच बायोटिनवर चालते. रक्तात ते भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा.

आणि गर्भनिरोधक गोळी. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत थायरॉक्सिनला बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. निरोगी ग्रंथी थोडं जास्त काम करून ते भरून काढते. तुमची ग्रंथी ते करू शकत नाही, म्हणून गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो. पाळी नियमित ठेवायला ही गोळी योग्य आहे, ती आपल्या मनाने बंद करू नका. पण ती सुरू करताना थायरॉईडच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर तो तुमचा दोष नाही.

एक धोका आहे. तीनदा वाढवलेला डोस वाया जाणाऱ्या गोळीच्या हिशेबाने वाढला आहे. आता गोळी नीट पोटात जायला लागली की तोच डोस जास्त होऊ शकतो. म्हणून वेळा बदलणार आहात हे डॉक्टरांना आधी कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलंत तर काही बोध होत नाही, कारण थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस घेतं. मधेच धडधड वाटली तर मात्र थांबू नका.

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पाळी सुरू झाली, ४० ते ५० दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी निघाला. डॉक्टरांनी लगेच गर्भनिरोधक गोळ्या दिल्या आणि तिच्यासमोरच ‘पुढे मूल व्हायला त्रास होईल’ म्हणाले. ती रात्रभर रडली. काय करू?

उत्तर: आधी तिला जवळ घ्या आणि माझ्या नावाने सांगा की हे वाक्य चौदाव्या वर्षी कुणालाही म्हणता येत नाही. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. काहींना औषधांची मदत लागते, एवढंच.

या वयात सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवतच नाहीत. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत ती तपासणी या कामासाठी वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे, कारण निरोगी मुलींचे अंडाशयही त्या वयात तसेच दिसतात. पाळी सुरू होऊन एक ते तीन वर्षं झालेल्या मुलीत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तुमची लेक काठावर आहे. तारखा लिहीत राहा. चेहऱ्यावर राठ केस किंवा औषधांना न जुमानणारे मुरूम असतील तर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघावं.

टीएसएच मात्र नक्की करा. आणि घरी भिंतीवर किंवा वहीत तिच्या उंचीची नोंद असेल तर ती काढून बघा. मुलांमध्ये थायरॉईड मंदावला की उंची वाढायची थांबते आणि वजन वाढत राहतं. या वयात उंची तशीही हळू वाढते, पण ती आधीच्याच एखाद्या वर्षी अचानक अडकलेली दिसली तर तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा. फार काळ उपचार न झालेल्या मुलींत वाढलेलं टीएसएच अंडाशयालाही चेतवतं आणि त्यांत मोठ्या गाठी दिसतात. १९६०मध्ये अशा मुलींचं वर्णन पहिल्यांदा झालं, त्याला व्हॅन विक-ग्रमबाख सिंड्रोम म्हणतात. हे दुर्मीळ आहे, आणि थायरॉक्सिनने त्या गाठी विरतात. तेवढ्यासाठीच मुलीच्या अंडाशयाला हात लावायच्या आधी गळ्याची तपासणी.

प्रश्न: वय ३१. दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न करतोय. पीसीओएस आहे, पुढच्या महिन्यात लेट्रोझोल सुरू होणार. थायरॉईडची ७५ची गोळी रोज घेते, टीएसएच ३.६. हे चालेल का? दिवस राहिले तर गोळी बंद करायची का?

उत्तर: गोळी बंद करायची नाही, वाढवायची. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आधीच थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईचं टीएसएच गर्भधारणेपूर्वी २.५च्या खाली ठेवायचं असतं. तुमचं ३.६ आहे, तेव्हा लेट्रोझोल सुरू व्हायच्या आधीच डोसबद्दल बोलून घ्या. पण एवढ्याशा फरकामुळे दीड वर्ष दिवस राहिले नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत मोठं कारण स्त्रीबीज वेळेवर न सुटणं हेच असावं, आणि त्यासाठी लेट्रोझोल ही चांगली निवड आहे. २०१४मध्ये अमेरिकेतल्या, पीसीओएस असलेल्या ७५० बायकांच्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के जणींना बाळ झालं, त्याच कामाचं जुनं औषध क्लोमिफीन घेणाऱ्या १९.१ टक्के जणींना. पतीची वीर्यतपासणी झाली आहे ना? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

दिवस राहिल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत तरी बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूची वाढ तुमच्या थायरॉक्सिनवर चाललेली असते. म्हणून चाचणी सकारात्मक आली की त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन ठरावीक वारी दोन-दोन, अशी पद्धत सर्रास वापरतात. तुम्हाला तेच लागू आहे का, हे आत्ताच डॉक्टरांना विचारून त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. सुट्टीच्या दिवशी चाचणी केलीत आणि डॉक्टर भेटले नाहीत तर तो कागद कामी येईल. मग गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. पीसीओएस आहे म्हणून साखरेची तपासणीही लवकर. बाळंत झाल्यावर डोस पुन्हा आधीएवढा करतात. फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर आजच सुरू करा.

प्रश्न: पीसीओएस आहे. टीएसएच २.४, पण अँटी-टीपीओ ६०० आलं. दर तीन महिन्यांनी तपासते, कधी ५८०, कधी ६४०. ते कमी करायचं औषध कोणतं?

उत्तर: ही तपासणी आता पुन्हा करू नका. अँटीबॉडी आहेत हे एकदा कळलं, काम झालं. ५८० आणि ६४० यांत काही फरक नाही आणि तो आकडा खाली आणायचं औषध मी देत नाही. टीएसएच ठीक असताना केवळ अँटीबॉडीसाठी थायरॉक्सिन घेऊन बाळ होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे ब्रिटनमधल्या टॅब्लेट नावाच्या चाचणीत २०१९मध्ये दिसलं. तुम्ही वर्षातून एकदा टीएसएच करा, आणि दिवस राहिले तर लगेच.

प्रश्न: हे पत्र मी पत्नीसाठी लिहितोय. तिला दोन्ही आजार आहेत. टीएसएच आता बरोबर आहे तरी ती दिवसभर थकलेली असते, बोलता बोलता डोळा लागतो, लहानशा गोष्टीवर रडू येतं. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग आता काय होतंय?’ असं मी एकदा म्हणालो आणि तेव्हापासून ती काही सांगतच नाही.

उत्तर: तुम्ही लिहिलंत, याचा मला आनंद वाटला. तुमच्याकडे अशी एक माहिती आहे जी तिच्याकडे असूच शकत नाही. रात्री ती घोरते का? घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबून मग मोठा सुस्कारा टाकत सुरू होतो का? पीसीओएसमध्ये, विशेषतः वजन जास्त असेल तर, झोपेत श्वास अडकण्याचा आजार जास्त आढळतो. आठ तास झोपूनही माणूस दमलेला उठतो, आणि टीएसएचमध्ये ते दिसत नाही. दोन-तीन रात्री लक्ष ठेवा, तिला विचारून फोनवर आवाज टिपून घ्या आणि डॉक्टरांना ऐकवा.

दुसरं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२. तिसरं, आणि हे सगळ्यात कमी विचारलं जातं, तिचं मन. पीसीओएस असलेल्या बायकांत नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणूनच निदान होतानाच मनाबद्दलही विचारावं असं मार्गदर्शक सूचनांत आहे. रडू येणं, बोलणं बंद होणं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिने जगणं नको झाल्यासारखं काही बोललं तर त्याच दिवशी.

तुम्ही म्हणालात ते वाक्य तिच्या मनात अजून असेल. आज तिच्याशेजारी बसा आणि सांगा की ते बोलायला नको होतं. मग विचारा, दिवसातल्या कुठल्या वेळी सगळ्यात जास्त थकवा येतो. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा.